सत्यवान धुरीचे उरलेले चौदा दिवस

कट्टा गावच्या बाजारापासून जरा आत एक वाडी आहे. त्या वाडीत तेल काढायच्या कामावर सत्यवान धुरी हा एकच माणूस होता, आणि तेल कसं काढतात याची खात्रीची माहिती सत्यवान सोडून वाडीतल्या सगळ्यांना होती. शेजारच्या भिकाजी राऊळांचा तर त्यात विशेष अभ्यास. भर समुद्रात तेलाची विहीर आहे, तिच्यावर रहाट आहे आणि सत्यवान दिवसभर तो रहाट ओढतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांना एकच शंका होती आणि ती ते दरवर्षी विचारत.

"दर्याच्या मधी त्येलाची बाव, मगे खारा पाणी आत जाणा नाय काय रे?"

सुरुवातीची काही वर्षं सत्यवानाने पाइप, प्लॅटफॉर्म, समुद्राचा तळ असं सगळं समजावून पाहिलं. मग एका वर्षी तो कंटाळला आणि म्हणाला, "नाय जाणा. बावीक कठडो आसा."

"असोच व्हयो," भिकाजी म्हणाले, आणि तो विषय कायमचा मिटला.

खरं सांगायचं तर सत्यवानाने नोकरीच्या सत्तावीस वर्षांत तेलाचा थेंब पाहिला तो प्लॅटफॉर्मवरच्या स्वयंपाकघरात, भजीच्या कढईत. तो क्रेन चालवायचा. खाली बोट येऊन उभी राहायची. तिच्यावरचे पाइप, पिंपं, कांदे-बटाटे, पिठाची पोती सत्यवान वर घ्यायचा आणि रिकामी पिंपं खाली सोडायचा. क्रेनची खोली उंचावर, भोवती यंत्रांचा कलकलाट, त्यामुळे खालचा माणूस हाताने खुणा करणार आणि वरचा त्याप्रमाणे दांडे ओढणार, अशी तिथली रीत. या रीतीने सत्यवानाच्या जिभेला गंज चढला आणि हात मात्र वाचाळ झाले. घरी जेवायला बसला तरी बोट वर करून गोल फिरवलं की भात वाढ, तळहात जमिनीकडे करून हलवला की आमटी सावकाश सोड, आणि मूठ आवळली की पुरे. सुगंधा, म्हणजे त्याची बायको, या खुणा त्याला नोकरी लागल्यावर वर्षभरात शिकली. बाहेरच्यांचे मात्र हाल. मुलीच्या, दिव्याच्या लग्नात त्याने पंगतीत वाढप्याला मूठ दाखवली, तर तो बिचारा जिलबीचं ताट घेऊन मागच्या मागे पळाला.

चौदा दिवस दर्यात आणि चौदा दिवस घरात, ये-जा हेलिकॉप्टरने, असा त्याचा संसार. प्रभू रामचंद्रांनी चौदा वर्षांचा वनवास एका दमात उरकला, सत्यवानाने तोच हप्त्याहप्त्याने भोगला. फरक इतकाच की रामाबरोबर सीता गेली होती. सुगंधा म्हणायची, "माका त्या हेलिकॉप्टरात बसयतास तर बघा."

आता मुजम्मिलबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्रेन एक, खुर्ची एक आणि माणसं दोन, अशी ही नोकरी असते. सत्यवान घरी असला की त्याच्या खुर्चीवर मुजम्मिल, आणि मुजम्मिल घरी असला की सत्यवान. मुजम्मिल राहायला कट्ट्याच्या बाजारपेठेमागेच. दोघांचा बिछाना एक, कपाट एक, उशीला डोक्याचा खड्डाही एक. इतकी जवळीक सख्ख्या भावांत नसते. पण दोघांची भेट व्हायची ती मुंबईच्या हेलिकॉप्टर तळावर, एक उतरताना आणि दुसरा चढताना, फार तर चार मिनिटं. त्या चार मिनिटांत कामाचा चार्ज द्यायचा.

"क्रेनचो ब्रेक जरा वढता," एक जण सांगायचा. "बोटीवरचो कप्तान नवो आसा, चिडता."

"तुझ्या बाथरूमचो नळ बदललंय," दुसरा सांगायचा. "परड्यातलो एक माड कललोहा. पुढच्या खेपेक बघया."

म्हणजे असं, की जो जमिनीवर असेल त्याने दोन्ही घरं सांभाळायची, हा त्यांचा पहिल्यापासूनचा करार होता. घरातल्या वस्तू मालक नसतानाच बिघडतात हा जगाचा नियम आहे. त्यामुळे सत्यवानाच्या घरची दुरुस्ती मुजम्मिलच्या वाट्याला आली आणि मुजम्मिलच्या घरची सत्यवानाच्या. मुजम्मिलच्या आरिफाचा मिक्सर, तिच्या सासऱ्यांचं, अलीमियाँचं, कानाचं मशीन, मागल्या दाराची कडी, सगळं सत्यवानाला डोळे मिटून ठाऊक. स्वतःच्या घरचा मेन स्विच कुठे आहे हे विचारायला मात्र त्याला एकदा मुजम्मिलला फोन करावा लागला होता.

असा हा सत्यवान गेल्या चैत्रात निवृत्त झाला. त्याच्या जागी केरळचा कोणी तरुण आला, सत्यवानाला शाल-श्रीफळ मिळालं, आणि डोक्यावरचं हेल्मेट आठवण म्हणून घेऊन तो घरी परतला.

पहिले चौदा दिवस सणासारखे गेले. सुरमई झाली, कोंबडी-वडे झाले, सोलकढी तर तांब्याने प्यायली. पंधराव्या दिवशी सकाळी सत्यवान दात घासून ओटीवर आला, तर त्याची बॅग भरून ठेवलेली. टॉवेल, बनियन, वर कडक लाडवांचा पुडा.

"खंय जावचा आसा?" त्याने विचारलं.

सुगंधाने कपाळावर हात मारला. "हात आपसूक चलले," ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. बॅग मात्र दिवसभर ओटीवरच राहिली, कारण ती उचलून आत न्यायची कशी हे दोघांनाही सुचेना.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपल्याकडे म्हणतात. सत्यवानाची पंधराव्यानंतर जायला लागली. त्याला कळलं की आपण नसताना या घरात एक वेगळंच घर चालतं. त्याच्या ओटीवर बचत गटाच्या बायका फणसाचे पापड लाटत. त्याच्या खाटेवर पापड वाळत. सुगंधा दिवस मावळायच्या आत पेज जेवून घेई आणि त्याच्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन मालिका बघे. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे तिला सुरमई आवडत नव्हती. तिला तारली आवडायची, ती बोटभर काटेरी मासळी. हे त्याला लग्नाच्या तिसाव्या वर्षी शेजारच्या किशोरीकडून कळलं.

"माका कधी सांगूक नाय तां?" त्याने सुगंधाला विचारलं.

"तारलेक काटे असतत," ती म्हणाली. "तुमका चौदा दिवसांत कित्याचीच सवड नसा."

मग सत्यवानाने घरात उपयोगी पडायचं ठरवलं. इथेच घात झाला. प्लॅटफॉर्मवर कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहून त्यातल्या धोक्यांवर बोलायचं, असा नियम असतो. दुसऱ्या दिवशी त्याने बचत गटाच्या बायकांना ओटीवर गोल उभं केलं.

"पापडात धोको तो कसलो, दादानू?" किशोरीने विचारलं.

"धोको सांगान येणा नाय," सत्यवान म्हणाला. मग त्याने लाटणं पायावर पडू शकतं, पीठ डोळ्यांत जाऊ शकतं आणि फणसाच्या चिकाने दोन बायका एकमेकींना चिकटू शकतात, असे तीन धोके सांगितले. त्याने नारळ सोलणाऱ्याला हेल्मेट घालायला लावलं. ओटीच्या तीन पायऱ्यांना काथ्याचा कठडा बांधला आणि तो धरल्याशिवाय जो चढेल त्याला परत खाली पाठवू लागला. एका दुपारी शिट्टी फुंकून सगळ्यांना अंगणात जमवलं, आणि मोजणीत एक माणूस कमी भरला म्हणून गाव धुंडाळायला निघाला. कमी भरलेला माणूस तो स्वतःच होता, स्वतःला मोजायचं राहिलं होतं.

आठवड्याभरात पापडांचा सगळा कारभार किशोरीच्या ओटीवर गेला. सुगंधा नुसती कामं करत राहिली आणि सत्यवान खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिला. सकाळी चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा, आणि मध्ये दोघांत शब्द नाही. त्याला आतून भीती वाटू लागली. इतकी वर्षं समुद्रात झोपताना तो एकाच गोष्टीवर डोळे मिटायचा, की एक दिवस आपण कायमचे घरी जाऊ. आता आला, तर घराला त्याची गरज चौदा दिवसांचीच होती की काय? हे विचारायचं धाडस त्याला होईना, कारण उत्तर 'हो' आलं तर जाणार कुठे?

अशात नव्या पोराला काम शिकवायला दोन आठवडे जास्त राहिलेला मुजम्मिल आपले चौदा दिवस घेऊन घरी आला आणि नेहमीप्रमाणे पाने-पक्कड घेऊन धुऱ्यांच्या अंगणात हजर झाला. ओटीवर सत्यवान. दोघांना काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत दोघे एका ओटीवर कधी बसले नव्हते.

"ब्रेक कसो आसा?" सत्यवानाने विचारलं.

"बदललो."

"नवो पोरगो?"

"बरो आसा. उशी माका होती तशीच गावता."

"तुझे बाबा?"

"बरे आसत. कॅरम खेळाक बोलयल्यानी तुका."

"येतंय."

एवढं झालं आणि दोघेही सवयीने उठून उभे राहिले. चार मिनिटं संपली होती. पण हेलिकॉप्टर काही आलं नाही, तेव्हा परत बसले. मुजम्मिलने माडाकडे पाहिलं, सत्यवानाने मुजम्मिलच्या चपलांकडे. अशी जिवाभावाची दोस्ती, पण पाचव्या मिनिटाला काय बोलायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. सुगंधा चहा घेऊन आली म्हणून सुटले.

"बावीतलो पंप खरखरता, भावजी," ती मुजम्मिलला म्हणाली. "जरा बघतास?"

हे सत्यवानाला लागलं. पंप त्याचा, विहीर त्याची, बायको त्याची, आणि खरखर मात्र मुजम्मिलला सांगायची. "घरधनी हंय बसलो आसा," तो म्हणाला.

"म्हणान काय झाला? बसा की," सुगंधा म्हणाली. तिच्या मनात खरंच काही नव्हतं.

सत्यवान उठला आणि हेल्मेट घालून आला. "पंप मी वर काडतलंय. सत्तावीस वर्षांत माझ्या हातातसून एक वजन सुटूक नाय."

विहिरीच्या कप्पीवरून दोर घातला. दोराला चौघे: पुढे सत्यवान, मागे मुजम्मिल, त्याच्यामागे किशोरीचा नवरा अनिश आणि शेवटी भिकाजी. बायका कठडा सोडून लांब उभ्या केल्या होत्या. सत्यवानाने आधी धोके सांगितले, मग शिट्टी फुंकली आणि पंप सुरेख वर येऊ लागला. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती बघतेय हे सत्यवानाला ठाऊक होतं, त्यामुळे त्याची छाती जरा जास्तच फुगली होती.

अर्ध्यावर पंप एका दगडाखाली अडकला. ओढला तर दोर करकरायला लागला.

"अडकतलो नाय तर काय," मागून भिकाजी म्हणाले. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय कोण बावीत दोर सोडता?"

सगळ्यांनी जीभ चावली. इतका मोठा सुरक्षेचा नियम आणि तोच राहून गेला होता. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी शेळीसुद्धा दुसऱ्या गोठ्यात बांधत नाही. भिकाजींनी दोर धरूनच घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या धुऱ्याचो पंप वर येवचो आसा, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"त्येका वाटेत कोणाची नजर आडवी इली आसात, काय धोंडो आडवो इलो आसात..."

"व्हय म्हाराजा."

"तर ती आडकाठी दूर कर, आणि पंपाक मोकळी वाट दी, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला पिढ्यान् पिढ्या जसे जुळत आलेत तसे सगळ्यांचे हात जुळून कपाळाला गेले. भिकाजींचे गेले, अनिशचे गेले आणि सत्तावीस वर्षांत एक वजन न सोडलेल्या सत्यवानाचेही गेले. मुजम्मिलने तेवढा दोर धरून ठेवला होता, पण एकटा माणूस किती धरणार. तो कठड्यापर्यंत फरफटत गेला आणि शहाण्यासारखा दोर सोडून मोकळा झाला. खालून धबाक् असा आवाज आला.

भिकाजींनी वाकून आत पाहिलं. "आडकाठी मात्र दूर झाली," ते म्हणाले.

त्या दिवशी धुऱ्यांच्या घरात पाणी घागरीने आलं. संध्याकाळी सुगंधा पडवीत कोकमं निवडत बसली होती. सत्यवान समोर, मान खाली घालून. ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नकात."

"सांग."

"मुजम्मिलभावजी हंय आसत तोपर्यंत तुमी दर्यात आसास, असा समजाया काय?"

सत्यवानाने मान वर केली. "म्हंजे मी जाव खंय?"

सुगंधाने फक्त हात लांब केला आणि बोट डावीकडे वळवलं. क्रेनवाल्याला ही खूण सांगावी लागत नाही: क्रेन डावीकडे फिरव. डावीकडे काजूची बाग होती आणि बागेच्या टोकाला मांगर, म्हणजे पूर्वी बैल आणि गवत ठेवायची कौलारू खोपी. सत्यवानाने त्या दिशेने बघितलं. मग तो उठला. बॅग भरलेली होतीच.

मांगरात पहिल्या दिवशी त्याला वाईट वाटलं आणि दुसऱ्या दिवशी झोप लागली. खाट प्लॅटफॉर्मवरच्या बिछान्याइतकीच अरुंद होती, त्यामुळे कूस बदलायचा प्रश्न नव्हता. सकाळी उठून तो हेल्मेट घालून काजूंची पाहणी करायचा. स्वतःपुरते धोके स्वतःला सांगायचा आणि पटले तर मान डोलवायचा. मुजम्मिलने गळ टाकून पंप वर काढला, दुरुस्त केला आणि चार्ज द्यायला मांगराकडे आला. मोटरसायकल बंदसुद्धा न करता चार मिनिटं बोलला आणि गेला. दोस्ती पूर्ववत झाली. भिकाजीही एकदा चक्कर टाकून गेले.

"हंय गावला काय रे त्याल?" त्यांनी विचारलं.

"बघतंय," सत्यवान म्हणाला.

घरून मात्र काही निरोप नव्हता. मांगराच्या दारातून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, आणि तिच्यात इकडून तिकडे जाणारी सुगंधा. तो रोज बघायचा. ओटीवर पापडवाल्या परतल्या होत्या, हसण्याचे आवाज येत होते. माझ्यावाचून बरं चाललंय, असं तो स्वतःला म्हणायचा आणि पिठलं ढवळायचा. ते करपायचं.

एकदा दिवेलागणीला त्याचा मोबाइल वाजला. खिडकीत सुगंधा उभी होती, कानाला मोबाइल.

"जेवलास?" तिने विचारलं.

"पिठला केलंय."

"दर्या कसो आसा?"

सत्यवानाने काजूच्या झाडांकडे पाहिलं. "शांत आसा."

"आणि वारो?"

"बरो आसा. भिकाजीच्या गोठ्याकडसून येता."

ती हसली. मग पंपाबद्दल बोलली, मग पाण्याची चव बदलली म्हणाली, मग किशोरीच्या मांजरीबद्दल सांगू लागली. शेवटी सत्यवान म्हणाला, "ताकाक जाऊन भांडा कित्याक लपयतंस? काय ता सांग."

"तुमी समोर बसलास की माका बोलाक सुचणा नाय," ती म्हणाली. "मी तुमच्याशी फोनारच बोललंय सगळा आयुष्य. दिव्याचा लगीन ठरयला ता फोनार. सासूबाई गेली ती फोनार. तोंडार काय बोलतत ताच माका शिकाक गावला नाय."

सत्यवानाला खिडकीतली ती दिसत होती, तिला दारातला तो. त्यालाही हेच झालं होतं आणि ते त्याला आजवर कळलं नव्हतं. मग तो बोलू लागला. समुद्रात वादळ आलं की क्रेनची खोली कशी झुलते आणि त्याला किती भीती वाटायची, हे त्याने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तिने तारली कशी खायची ते सांगितलं, आधी डोकं, मग मधला काटा. बॅटरी संपेपर्यंत दोघे बोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तिसऱ्या दिवशीही. एकदा तर ती बोलत बोलत अंगण ओलांडून काजूपर्यंत आली. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली, पण मोबाइल काही कानाचा काढला नाही.

मुजम्मिल परत समुद्रावर गेला त्या दिवशी सत्यवानाची पाळी संपली. तो बॅग खांद्याला लावून, हेल्मेट काखेत घेऊन बागेतून घरी निघाला. ही मजा बघायला अनिश आणि किशोरी दगडी गडग्यावर बसली होती आणि भिकाजींनी खुर्ची आणली होती. सुगंधाला कोणाची पर्वा नव्हती. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तसा तिने दारात उभं राहून सत्यवानावरून ओवाळला, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि तुकडा लांब फेकला. आतून तारल्यांच्या झणझणीत तिखल्याचा वास येत होता.

"ये गो सुगंधा," भिकाजी ओरडले, "तो मांगरातसून इलोहा. विलायतेसून नाय."

तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सत्यवानाच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि फोन नसताना, तोंडासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पुढच्या खेपेक सातच दिवस जावा. चौदा माका लय लांबतत."

सत्यवानाचे हात काहीतरी सांगायला वर आले आणि तसेच राहिले. सत्तावीस वर्षांत तिने असं एकदाही म्हटलं नव्हतं. नोकरीत असताना तसं म्हणून उपयोगही नव्हता. हेलिकॉप्टर कंपनीचं होतं, मांगर घरचा होता.